आधी बिघाडांची यादी, मग पडद्यांची

पत्र

काका, सप्रेम नमस्कार. मी इंदूरचा, वय ४६, धंदा कापडाचा. काही वर्षांपूर्वी खासगी वैमानिकाचा परवाना काढला आणि यंदा दोन मित्रांबरोबर भागीदारीत १९७८ सालचं सेसना १७२ हे छोटं विमान घेतलं. इंजिन उत्तम आहे, पण पॅनेल जुन्या काळचं : गोल मीटर, व्हॅक्यूम पंप (हवा ओढून काही मीटर चालवणारा) आणि गार्मिन ४३० हा एक जुना जीपीएस. एक भागीदार म्हणतो, सगळं काढून दोन मोठे टचस्क्रीन बसवू. दुसरा म्हणतो, काचेला आयपॅड चिकटवला की काम झालं, पॅनेलला हातच लावू नका. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून स्वस्तात एखादं इन्स्ट्रुमेंट मागवायचीही चर्चा आहे. आमचं उडणं बहुतेक इंदूरच्या आसपास, आणि अधूनमधून जळगावला, माझ्या सासरी. सौ. शेजारच्या सीटवर बसते, तिलाही काहीतरी मदत करायची इच्छा आहे. काय बसवावं, आधी काय आणि नंतर काय, जरा सांगाल का? नाव छापू नये ही विनंती.

उत्तर

तुमचे दोन्ही भागीदार वस्तूपासून सुरुवात करतायत. पडदा कुठला, किती इंचाचा, हे सगळ्यात शेवटी ठरतं. आधी ठरवायचं ते असं : हवेत असताना एखादी गोष्ट बंद पडली, तर डोळ्यांसमोर काय शिल्लक राहतं?

एक कोरा कागद घ्या. डावीकडे बिघाड लिहा : व्हॅक्यूम पंप गेला, अल्टरनेटर गेला, पिटो ट्यूब (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणारी नळी) बंद झाली, जीपीएसचा सिग्नल गेला किंवा चुकीचा आला, टॅबलेट तापून बंद पडला. उजवीकडे प्रत्येकासमोर लिहा की त्या क्षणी काय जातं आणि काय राहतं. आजच्या पॅनेलसाठी एक कागद, मोठ्या टचस्क्रीनवाल्या योजनेसाठी दुसरा, नुसत्या आयपॅडवाल्या योजनेसाठी तिसरा. तिघांनी मिळून हे भरा. माझी अट एकच आहे : एका बिघाडाने दोन महत्त्वाच्या गोष्टी एकदम जाता कामा नयेत.

तुमच्या आजच्या कागदावर पहिलीच ओळ सगळ्यात वाईट निघेल. व्हॅक्यूम पंपावर तुमचं अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर (क्षितिज दाखवणारं) आणि डिरेक्शनल जायरो (दिशा दाखवणारा) दोन्ही चालतात. हे कोरडे पंप पुष्कळदा काही पूर्वसूचना न देता जातात. त्याहून धोक्याचं म्हणजे, आतला जायरो, म्हणजे गरगर फिरणारं चाक, लगेच थांबत नाही. तो हळूहळू सुस्तावतो आणि खोटं क्षितिज दाखवत राहतो. पावसाळी धूसर हवेत बाहेरचं क्षितिज नीट दिसत नसताना वैमानिक त्या खोट्या रेषेप्रमाणे विमान वाकवत जातो. म्हणून मी तुम्हाला पहिला खर्च इथेच करायला सांगेन. व्हॅक्यूमवरचं अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर काढून त्याच भोकात स्वतःची बॅटरी असलेलं इलेक्ट्रॉनिक इन्स्ट्रुमेंट बसवा. गार्मिनचं जी५ २०१६ पासून अशा प्रमाणित जुन्या विमानांसाठी मिळू लागलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्याची बॅटरी चार तासांपर्यंत टिकते. २०२० मध्ये आलेलं जीआय २७५ हे गोल आहे आणि जुन्या ३.१२५ इंची भोकात बसतं, पण त्याची बॅटरी साधारण तासाभराची. बॅटरी कुठलीही असो, ती दरवर्षी तपासून घ्यावी लागते. मालव्याच्या उन्हात बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात.

दुसरं जी५ डिरेक्शनल जायरोच्या जागी लावलं, तर व्हॅक्यूमची सगळी यंत्रणाच काढता येते, आणि वरचं युनिट गेलं तर खालचं अ‍ॅटिट्यूड दाखवू शकतं. एअरस्पीड (वेग), अल्टिमीटर (उंची) आणि व्हर्टिकल स्पीड (चढ-उताराचा वेग) ही जुनी तीन गोल मीटर मात्र तशीच राहू द्या. त्यांना वीज लागत नाही. अल्टरनेटर गेला, बॅटरी गेली, तरी हवेच्या दाबावर ती चालतच राहतात.

इथे एक गोष्ट फार लोकांच्या नजरेतून सुटते. पडद्यावर दिसणारा एअरस्पीड आणि गोल मीटरवरचा एअरस्पीड, दोन्ही एकाच पिटो ट्यूबमधून येतात. हँगरमध्ये आठवडाभर कव्हर न घालता विमान उभं राहिलं आणि गांधीलमाशीने नळीत मातीचं घर केलं, तर दोन्ही आकडे सारखेच चुकतात, आणि सारखे असल्यामुळे खरे वाटतात. दोन ठिकाणी दिसणारी एकच माहिती म्हणजे दोन माहित्या नव्हेत. घरात दोन दिवे लावले पण दोन्ही एकाच फ्यूजवर, असा हा प्रकार. म्हणून पिटोचं लाल कव्हर ही तुमच्या नव्या पॅनेलची पहिली खरेदी समजा, आणि टेकऑफच्या धावेत एअरस्पीडचा काटा हलला की नाही हे मोठ्याने बोलून बघायची सवय लावा.

आता दोन मोठ्या टचस्क्रीनबद्दल. मी त्याच्या विरुद्ध नाही. गार्मिनचं जी३एक्स टच २०१९ पासून प्रमाणित विमानांतही बसवता येतं आणि साडेदहा इंची पडद्यावर सगळं सुंदर दिसतं. पण तुमच्या विमानाचा उपयोग पाहता तो पैसा आधी दुसरीकडे जावा असं मला मनापासून वाटतं. मे महिन्यात दुपारी बारानंतर इंदूर ते देवास उडून पाहा. जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेच्या झटक्यांत टचस्क्रीनवरचं छोटं बटण बोटाला सापडत नाही. ज्याला फिरवायची बटणं आहेत आणि ज्याच्या कडेवर अंगठा टेकवता येतो, असंच उपकरण निवडा. शिवाय मोठा पडदा नजर आत खेचतो. तुमच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता फक्त मीटरवर उडण्याची पात्रता) नाही, म्हणजे तुमचं काम काचेबाहेर पाहण्याचं आहे. सिंथेटिक व्हिजनमध्ये (पडद्यावर संगणकाने काढलेल्या भूभागाच्या चित्रात) डोंगर कितीही स्पष्ट दिसले तरी ढगात शिरायची परवानगी त्याने मिळत नाही. बाहेर पाच किलोमीटर दिसत नसेल तर तुमच्यासाठी ते उड्डाण नाहीच.

वाचलेल्या पैशातून इंजिन मॉनिटर घ्या. प्रत्येक सिलिंडरचं तापमान, एक्झॉस्टचं तापमान, इंधनाचा प्रवाह, सगळं नोंदवून ठेवणारं यंत्र. तुमच्या विमानात आज बहुधा एकाच सिलिंडरचं तापमान दिसत असेल, आणि बाकीच्या तिघांत काय चाललंय याचा काही पत्ता नसेल. एखादा व्हॉल्व्ह अडकायला लागला की त्या सिलिंडरचे आकडे बाकीच्यांपासून हटायला लागतात, आणि हे अनेक उड्डाणं आधी दिसतं. तुमच्या एएमईंना (विमानाची देखभाल करणाऱ्या अभियंत्यांना) ती नोंद दर महिन्याला दाखवा. नर्मदेवर असताना इंजिन खोकण्यापेक्षा हँगरमध्ये कळलेलं किती बरं!

टॅबलेटविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण दुसऱ्या भागीदाराचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नकाशा, नियोजन, वजन-संतुलनाचं गणित, चेकलिस्ट, विमानतळांचे आराखडे, या सगळ्यासाठी टॅबलेटला तोड नाही. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० फुटांवर. पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती उंची ५,३०० फुटांच्या आसपास जाते. धावपट्टी किती लागेल, चढण किती मंद होईल, हे टॅबलेट क्षणात काढून देतो. पण विमान सरळ आहे की वाकडं, हे त्याला कधीच विचारू नका. त्यातल्या सेन्सरवरून दाखवलेलं क्षितिज प्रमाणित नसतं, आणि हातात, मांडीवर किंवा योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) हलणाऱ्या टॅबलेटला ते कळणार तरी कसं?

आयपॅड घेणार असाल तर सिमकार्डवालाच घ्या. फक्त वायफायवाल्या मॉडेलमध्ये जीपीएस चिपच नसते, हे दुकानात कुणी सांगत नाही. सिम टाकलं नाही तरी चालेल. आकार मिनीचा पुरे. १७२ च्या कॉकपिटमध्ये मोठा आयपॅड म्हणजे मांडीवर पाट घेऊन बसल्यासारखं होतं.

खरा शत्रू उष्णता. अ‍ॅपलनेच आयपॅडची वापरण्याची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगितली आहे. इंदूरला मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारची हवाच त्याच्या वर असते, आणि बंद विमानातली तर आणखी वर. उन्हात, पूर्ण ब्राइटनेसवर, शिवाय चार्जिंगला लावलेला टॅबलेट हमखास तापून बंद पडतो. पॅनेलच्या वर काचेला चिकटवण्याची कल्पना म्हणून मला अजिबात पसंत नाही. पाठीवर ऊन पडतं, आणि तापलेल्या काचेवर सक्शन कप सुटून नेमका लँडिंगच्या वेळी पायात पडतो. मांडीवर पट्ट्याने बांधा, किंवा योकवर लावा. योकवर लावलात तर इंजिन सुरू करण्यापूर्वी योक पूर्ण मागे ओढून, पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहा, टॅबलेट कशालाही अडता कामा नये. पंखेवाला होल्डर मिळतो, तो घ्याच. आणि उड्डाणाआधी टॅबलेट विमानात ठेवून चहाला जाऊ नका. तो बॅगेत, सावलीत तुमच्याबरोबर राहू द्या.

होल्डरमध्ये किंवा कव्हरमध्ये चुंबक असतं, ते होकायंत्राजवळ आलं की होकायंत्र खोटं बोलतं. टॅबलेट ठरलेल्या जागी ठेवून आणि काढून, दोन्ही वेळा होकायंत्राचा आकडा तपासा. नवं पॅनेल बसल्यावर होकायंत्राचं स्विंग (विमान वेगवेगळ्या दिशांना उभं करून आकडे ताडणं) करून नवं करेक्शन कार्ड लावून घ्यायचं असतं, ते एएमईंना आठवणीने सांगा. पोलराइज्ड गॉगलही एकदा लावून पाहा. काही कोनांतून अख्खा पडदा काळा दिसतो.

आता त्या परदेशी व्हिडिओंबद्दल, जे तुमचे भागीदार बघत असणार. त्यांत टॅबलेटवर पावसाचे रंगीत ढग आणि आजूबाजूची सगळी विमानं दिसतात. हवामानाची ती माहिती अमेरिकेच्या जमिनीवरच्या केंद्रांतून ९७८ मेगाहर्ट्झवर पाठवली जाते. आपल्याकडे ती सेवा नाही. एडीएस-बी (विमानाने स्वतःची जागा रेडिओवरून सांगण्याची पद्धत) रिसीव्हर घेतलात तर इंडिगोचं एअरबस दिसेल, पण ज्या विमानात एडीएस-बी प्रक्षेपकच नाही ते दिसणार नाही, आणि फ्लाइंग क्लबचं विमान किंवा एखादं हेलिकॉप्टर नेमकं तेच असू शकतं. पडदा रिकामा म्हणजे आकाश रिकामं, असं कधीही धरू नका. हवामानासाठी उड्डाणाआधी मेटार (विमानतळाचा ताजा हवामान अहवाल) आणि अंदाज बघायचे, शंका आली तर हवामान कार्यालयाला फोन करायचा, आणि हवेत टॉवरला विचारायचं.

अ‍ॅप विकत घेताना भारताचे नकाशे आणि माहिती त्यात खरोखर आहे का, हे आधी चाचणी काळात बघा. अमेरिकेत उत्तम चालणारं अ‍ॅप इथे रिकामा पिवळा नकाशा दाखवू शकतं. अधिकृत माहिती भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपी या माहितीपुस्तकात असते. ती २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने बदलते, त्यामुळे जुनी फाइल तुमच्या टॅबलेटमध्ये पडून राहू देऊ नका. घरी बसून टॅबलेट फ्लाइट मोडवर टाका आणि मार्गातला प्रत्येक नकाशा उघडून बघा. उघडला नाही तो डाउनलोड झालेला नाही. आणि जळगाव, इंदूर आणि एका पर्यायी विमानतळाचे आराखडे कागदावर छापून दाराच्या खिशात ठेवा. कागद तापून बंद पडत नाही.

जीपीएसबाबत. आपल्या देशाची गगन ही प्रणाली, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून केलेली, जीपीएसच्या चुका दुरुस्त करून उपग्रहावरून पाठवते. डिसेंबर २०१३ मध्ये तिला पहिली मान्यता मिळाली, एप्रिल २०१५ मध्ये उतरण्याच्या मार्गदर्शनासाठीची, आणि एप्रिल २०२२ मध्ये किशनगडला इंडिगोचं एटीआर तिच्या आधारे उतरवून दाखवलं. मला या कामाचा फार अभिमान वाटतो. तुमचा ४३० जर साधा असेल, ४३०डब्ल्यू हे सुधारित मॉडेल नसेल, तर तो अशी दुरुस्ती घेत नाही. पुढे रिसीव्हर बदलाल तेव्हा गगन चालतं असं ज्याच्या कागदांत स्पष्ट लिहिलंय तोच घ्या.

पण कुठलाही रिसीव्हर आकाशातून आलेल्या सिग्नलवरच विश्वास ठेवतो. सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला, जीपीएसमध्ये अडथळ्याच्या किंवा खोट्या सिग्नलच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीजवळही तसं घडलं. इंदूर तिथून लांब आहे, हे खरं. तरी पॅनेलवरचा आणि टॅबलेटमधला जीपीएस एकाच वेळी एकच चूक करू शकतात, म्हणून तुमच्या कागदावर ती ओळ कोरी राहू नये. पॅनेलमधला व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा दाखवणारा) रिसीव्हर काढू नका. इंदूरचा व्हीओआर रोज तिथेच आहे, आणि परवाना काढताना तुम्ही तो वापरायला शिकलाच असाल.

याहून भरवशाची गोष्ट म्हणजे खालची जमीन. तुमचा जळगावचा मार्ग जवळजवळ सरळ दक्षिणेला, साधारण १०५ नॉटिकल मैल, म्हणजे १७२ ने तासाभराचा. महू मागे पडलं की विंध्याची कड तुटते आणि खाली निमाड उघडतं. मग मंडलेश्वरच्या आसपास नर्मदा, पुढे खरगोन, मग सातपुड्याची रांग, आणि पलीकडे तापीचं खोरं. इतका स्पष्ट मार्ग फार कमी वैमानिकांना मिळतो. प्रत्येक खुणेची वेळ आधी कागदावर लिहा आणि हवेत टॅबलेट झाकून ती ताडून पाहा. नर्मदा आली पण पडद्यावर विमान अजून महूवरच असेल, तर नदी खरी. टॅबलेटमधल्या भूभागाच्या नकाशात डोंगर असतात, पण नवे मोबाइल टॉवर, विजेच्या तारा आणि देवासकडच्या जामगोदराणीसारख्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या असतीलच असं नाही. उंची ठेवूनच जा.

फ्लाइट प्लॅन, एडीसी आणि एफआयसी नंबर (उड्डाणाच्या मंजुरीचे) टॅबलेटवरच्या नोटमध्ये नव्हे, गुडघ्यावरच्या कागदावर लिहा. रेडिओवर विचारलं की लगेच वाचता आले पाहिजेत.

अमेरिकेतल्या स्वस्त सौद्याविषयी थोडक्यात : नको. प्रयोगशील, घरी बांधलेल्या विमानांसाठी विकलं जाणारं इन्स्ट्रुमेंट दिसायला हुबेहूब तेच असतं, पण तुमच्या व्हीटी (भारतीय) नोंदणीच्या प्रमाणित विमानात ते कायदेशीर नाही. बदलासाठी सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट (मूळ रचनेतल्या बदलाची मंजुरी) लागतं, ते डीजीसीएला (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाला) मान्य असावं लागतं, वस्तूबरोबर रिलीज सर्टिफिकेट (वस्तू वापरण्यायोग्य असल्याचा दाखला) लागतं, आणि काम मान्यताप्राप्त संस्थेकडून व्हावं लागतं. रेडिओ किंवा ट्रान्सपाँडर बदललात तर दूरसंचार विभागाकडच्या परवान्यातही बदल करावा लागतो. पंप गेला, नळ्या गेल्या, पडदे आले, म्हणजे विमानाचं रिकामं वजन आणि संतुलन नव्याने मोजायचं. हे सगळं कागदावर नसेल तर पुढे विमान विकताना आणि विमा मागताना तुम्हीच अडकाल. टॅबलेट हातातला असेपर्यंत यात येत नाही. पॅनेलमध्ये कायम बसवून विमानाच्या वायरिंगला जोडलात की तोही बदलच ठरतो. एएमईंना खरेदीनंतर नव्हे, आधी बोलवा.

ऑर्डर देण्यापूर्वी एक संध्याकाळ हँगरमध्ये घालवा. प्रत्येक उपकरणाच्या खऱ्या मापाचा पुठ्ठा कापा, पॅनेलवर टेपने लावा, आणि तिघांनीही आळीपाळीने पट्टा बांधून डाव्या सीटवर बसा. उजव्या हाताने थ्रॉटल न सोडता काय दिसतं, काय झाकलं जातं, कुठल्या बटणापर्यंत हात पोचत नाही? तुमच्या भागीदारांच्या उंचीत फरक असेल तर तो इथेच कळेल. माझ्या मते तिघांचा वाद बराचसा त्या संध्याकाळीच मिटेल.

क्रम विचारलात म्हणून : पहिलं बॅटरीवालं अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर, सोबत टॅबलेट आणि त्याचा होल्डर. मग इंजिन मॉनिटर. मग दुसरं युनिट आणि व्हॅक्यूमला निरोप. ४३० चालतोय तोवर चालू द्या, पण त्याची दुरुस्ती दिवसेंदिवस अवघड होत जाणार, हे धरून पैसे बाजूला टाकत राहा. मोठा टचस्क्रीन यानंतरही हवासा वाटला तर तेव्हा खुशाल घ्या.

आणि वहिनींचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. त्यांच्याकडे दुसरा टॅबलेट द्या, तुमच्या टॅबलेटशी न जोडलेला, वेगळा चार्ज केलेला, मार्गाचे सगळे नकाशे भरलेला. तुमचा तापला की त्यांचा तुमच्या हातात येईल. मधल्या काळात खुणांच्या वेळा त्यांनी लिहाव्यात आणि बाहेरची विमानं शोधावीत. चार डोळे बाहेर असले की फार फरक पडतो. रेडिओचं बटण कुठलं, इंदूर टॉवरची फ्रिक्वेन्सी कुठे लिहिलीय आणि १२१.५ (संकटाच्या वेळची फ्रिक्वेन्सी) म्हणजे काय, एवढं जमिनीवर इंजिन बंद असताना दोनदा करून घ्या. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी मात्र दोन्ही टॅबलेटकडे कुणीच पाहायचं नाही, हे आधीच ठरवून टाका. जळगावला पोचल्यावर कुठल्या खुणेला किती मिनिटांचा फरक पडला ते त्यांच्या कागदावरून मला कळवा. पुढच्या अंकात वाऱ्याचा हिशेब कसा करायचा, हे मी त्याच आकड्यांवरून सांगेन.